‘वीव्ह’ : विणणं, गुंफणं की वाट काढणं?

दशीकडची (धागाकर्ती)

मंडळी, टॉवेल-चादरींची इंग्रजी माहितीपत्रकं तपासताना एक क्रियापद हमखास पायात येतं, ते म्हणजे ‘वीव्ह’. शब्द सोलापूरकराला नवा नाही. जुन्या मिलच्या नावातच ‘स्पिनिंग अँड वीव्हिंग’ होतं आणि त्या कंपनीवरून १९५० साली सर्वोच्च न्यायालयात चाललेला खटला कायद्याची पोरं अजून अभ्यासतात. पण ओळखीचा शब्दच जास्त फसवतो. हे तीन नमुने बघा:

१. ‘टेरी टॉवेल्स निटेड ऑन जॅकार्ड लूम्स.’
२. ‘द रिक्षा वोव्ह थ्रू द ट्रॅफिक.’
३. ‘अ नेटवर्क ऑफ रोड्स हॅज बीन वोव्हन अराउंड द सिटी.’

पहिलं सरळ चूक आहे. ‘टेरी’ म्हणजे फासांचं कापड, ‘जॅकार्ड’ म्हणजे नक्षी विणणारं यंत्र बसवलेला माग. टॉवेल मागावर विणला जातो, तो ‘वोव्हन’. ‘निटेड’ म्हणजे सुयांवर फास घालत विणलेला. चूक होते कारण मराठीत दोन्हीला ‘विणणे’च म्हणतात. आई स्वेटर विणते, विणकर चादर विणतो, आणि बाजही विणलेलीच. तीन वेगळ्या क्रिया, क्रियापद एक.

दुसऱ्यात भूतकाळ संशयास्पद आहे, तिसऱ्यात वाक्यच मराठीतून उचललेलं आहे. जाणकारांनी यावर लिहावं. विशेषतः लाक्षणिक वापरात मराठीत ‘विणणे’ कुठे चालतं आणि कुठे नाही, ते हवंय.

---

पाचवी_घंटा

दुसऱ्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण खरी गंमत तिथे आहे. ‘वीव्ह’ हे एक क्रियापद नाही, दोन आहेत. स्पेलिंग आणि उच्चार एक, कूळ वेगळं.

पहिलं जुन्या इंग्रजीतल्या ‘वेफान’वरून आलेलं, अर्थ कापड विणणे. त्याची रूपं वीव्ह–वोव्ह–वोव्हन. ‘वेब’ आणि ‘वेफ्ट’, म्हणजे आडवा धागा, हे याच घरातले. संस्कृतात कोळ्याला ‘ऊर्णवाभि’ असा जुना शब्द आहे, लोकर विणणारा. त्यातला ‘वाभ’ आणि इंग्रजी ‘वेब’ एकाच मूळ धातूपासून निघाले असं भाषाशास्त्रज्ञ मानतात.

दुसरं ‘वीव्ह’ जुन्या नॉर्स भाषेतल्या ‘वेइफा’शी जोडतात. अर्थ हलणे, हेलकावणे, या बाजूचं त्या बाजूला होणे. याचं संस्कृत नातलग म्हणजे ‘वेप्’ धातू. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन म्हणतो ‘वेपथुश्च शरीरे मे’, माझ्या अंगाला कंप सुटलाय, तोच हा. या क्रियापदाचं रूप नियमित आहे: वीव्ह–वीव्ह्ड–वीव्ह्ड.

म्हणून गर्दीतून डावीउजवीकडे करत गाडी काढली तर ‘वीव्ह्ड थ्रू द ट्रॅफिक’. परीक्षेत आणि छापील मजकुरात हेच लिहावं. छापील इंग्रजीत ‘वोव्ह थ्रू द क्राऊड’ही भरपूर सापडतं, कारण इंग्रजांनाही हे दोन शब्द वेगळे आहेत याचा विसर पडलाय, त्यांना वाटतं माणूस धोट्यासारखा (मागावर आडवा धागा नेणाऱ्या शटलसारखा) गर्दीतून इकडून तिकडे जातो, म्हणजे विणतोच की. त्यामुळे ‘वोव्ह’ला थेट चूक म्हणून लाल रेघ मारू नये. पण ‘वोव्हन थ्रू द ट्रॅफिक’ कानाला खटकतं. उलट ‘ही वीव्ह्ड अ ब्लँकेट’ लिहिलं तर मात्र वाचणारा थांबतो.

मुष्टियुद्धातलं ‘बॉब अँड वीव्ह’ याच दुसऱ्या घरातलं, डोकं खालीवर आणि डावंउजवं करत ठोसा चुकवणं. तबेल्यात बांधून राहिलेला घोडा सतत मान आणि पुढचे पाय या अंगावरून त्या अंगावर झुलवत राहतो, त्या खोडीलाही ‘वीव्हिंग’ म्हणतात. तिथे कुणी ‘घोडा विणतोय’ असं भाषांतर करू नका म्हणजे झालं.

---

सातरस्ता

घोडा विणतोय 😄

रस्त्यावरच्या ‘वीव्ह’ला आपल्याकडे शब्दांची ददात नाही. दुचाकीवाला दोन गाड्यांच्या फटीतून सटकला तर ‘कट मारत गेला’. माणूस गर्दीतून जातो तेव्हा ‘वाट काढत’. प्यालेला असेल तर ‘झोकांड्या खात’. इंग्रजीत तिन्ही ठिकाणी एकच ‘वीव्ह’ चालतो, मराठीत मनःस्थितीप्रमाणे शब्द बदलतो. ‘नागमोडी’ मात्र जपून वापरा. नागमोडी रस्ता असतो, घाट असतो. गाडी नागमोडी गेली असं लिहिलं की शाळेतला निबंध वाटतो.

---

कांडीवाला

पहिल्या वाक्याबद्दल, म्हणजे टॉवेल ‘निटेड’ का नाही ते. ही चूक फक्त ‘विणणे’ शब्दामुळे होत नाही. टॉवेलवर फास दिसतात, आणि फास म्हटलं की लोकांना लोकरीची सुई आठवते. पण टॉवेलचा फास कसा बनतो ते समजलं की हा घोळ कायमचा मिटतो.

टेरी टॉवेलच्या मागावर ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे, बीम (रूळ) दोन असतात. खालचा जमिनीचा ताणा, तो कडक ओढलेला. दुसरा फासांचा ताणा, त्यावर ताण अगदी हलका. आडवा धागा, म्हणजे पिक, टाकल्यावर फणी येऊन तो ठोकते. साध्या कापडात प्रत्येक पिक कापडाच्या तोंडापर्यंत, म्हणजे विणून झालेल्या कडेपर्यंत, ठोकला जातो. तीन पिकांच्या टेरीत पहिले दोन पिक तोंडापासून थोडं अंतर राखून सोडतात. तिसऱ्या पिकाला फणी पूर्ण पुढे येते आणि तिन्ही पिकांना एकदम ढकलत तोंडाला नेऊन बसवते. जमिनीचा ताणा कडक असल्यामुळे पिक त्याच्यावरून घसरत जातात. फासांचा ताणा मात्र सैल असतो, तो पिकांच्या पकडीत सापडून सोबत ढकलला जातो आणि ढकललेली लांबी फास होऊन वर उभी राहते. त्यामुळे फासाची उंची मागे सोडलेल्या अंतराच्या साधारण निम्मी भरते. एक मीटर टॉवेलला फासांचा ताणा तीन-चार मीटर किंवा त्याहून जास्त खातो, तो यामुळेच.

म्हणजे फास आहे, पण एक फास दुसऱ्या फासातून ओवलेला नाही. निटिंगमध्ये प्रत्येक फास मागच्या फासातून काढलेला असतो. फरक एवढाच, आणि तोच सगळा.

बिघडतं कुठे? फासांच्या बीमचा ब्रेक आवळला की फास बुटके पडतात, कधी उठतच नाहीत. जमिनीचा ताणा सैल पडला तर उलटं होतं: तिसऱ्या ठोक्याला कापडाचं तोंडच सरकतं आणि फासांच्या ओळी उंचसखल दिसतात. दोन्ही बीमचे ताण वेगवेगळे तपासावे लागतात. एकाचा दोष दुसऱ्यावर ढकलण्यात जॉबरचा (माग दुरुस्त करणाऱ्याचा) अख्खा पाळी जाते.

ओळखायची सोपी खूण: कापलेल्या कडेचा एक धागा ओढा. मागावरच्या कापडातून तो धागा एकटा निघून येतो, शेजारचे जागेवर राहतात. निट कापडात ओढत गेलात तर ओळच्या ओळ सुटत जाते. टॉवेलचा फास कशात अडकून लांब आला तर ओढू नका, मुळाशी कात्रीने कापा. पुढे उसवत जाणार नाही.

---

शब्दखोर

कांडीवाले, ‘अख्खा पाळी जाते’ की ‘अख्खी पाळी जाते’? 🙂

बाकी शेवटच्या परिच्छेदात तुम्ही नकळत भाषेचा एक प्रश्न सोडवलात. ‘अनरॅव्हल’चं भाषांतर सगळे ‘उसवणे’ करतात. पण मराठीत उसवते ती शिवण, किंवा सुयांवर विणलेल्या स्वेटरची वीण. मागावरचं कापड उसवत नाही, ते वापरून वापरून *विरतं*, आणि त्याच्या कडेचे धागे सुटतात. म्हणून एखादं खोटं एका टोकाला ओढलं आणि सगळं भराभर सुटत गेलं, तिथे ‘उसवत गेलं’ बरोबर. एखादी चळवळ हळूहळू क्षीण होत गेली तर ‘विरत गेली’ म्हणा. इंग्रजीत तिथे ‘फ्रे’ किंवा ‘वेअर थिन’ येईल. हा भेद आपल्या भाषेत आयता आहे, फक्त कॅटलॉग लिहिणाऱ्यांनी तो वापरात आणला पाहिजे.

---

कांडीवाला

अख्खी. टाईप करताना धोटा उडाला.

---

मग्गम

इथे एक गोष्ट नोंदवायला हवी. मराठीत ‘विणणे’ एकच, हिंदीत ‘बुनना’ही एकच. पण सोलापूरच्या पूर्व भागात घरोघरी बोलली जाणारी तेलुगू इंग्रजीसारखी वागते. मागावर कापड विणणं म्हणजे ‘नेयु’, त्यावरून विणकाम म्हणजे ‘नेता’. सुईवरचं विणकाम, वेणी, चटई, टोपली, मांडवावर चढणारा वेल, या सगळ्याला ‘अल्लु’. आणि लाक्षणिक वापरात पुढे येतो तो ‘अल्लु’. तेलुगूत कुणी मनाने कथा रचली तर ‘कथ अल्लाडु’ म्हणतात. ‘नेयु’ बिचारा मागापाशीच बसलेला असतो.

कन्नडचंही तसंच. ‘नेयु’ मागासाठी, ‘हेणे’ वेणी-टोपलीसाठी, आणि कथा ‘हेणे’तात. मागाला तेलुगूत ‘मग्गम’, कन्नडमध्ये ‘मग्ग’.

म्हणजे ज्या अण्णांच्या घरात तेलुगू आहे त्यांना ‘वीव्ह’ आणि ‘निट’ यांतला फरक सांगायला लागत नाही. ‘नेयु’च्या जागी ‘वीव्ह’, ‘अल्लु’च्या जागी ‘निट’, ‘ब्रेड’ किंवा ‘प्लॅट’ (दोन्ही म्हणजे वेणी घालणे) घातलं की बहुतेक वेळा बरोबर निघतं. एकच अडचण: चटई आणि टोपली. तेलुगूत ती ‘अल्लु’, इंग्रजीत मात्र ‘वीव्ह’. कारण तिथे पट्ट्या एकीवरून एक, खालून एक अशा जातात, फास नसतो.

---

दशीकडची

मग्गम अण्णा, हे फार मोलाचं. मग इंग्रजीचं सूत्र असं धरू का: आडवं-उभं, वरून-खालून असेल तर ‘वीव्ह’; फास फासातून गेला तर ‘निट’; तीन किंवा जास्त पदर एकमेकांवरून फिरवले तर ‘ब्रेड’?

---

पाचवी_घंटा

धरा, पण एक पळवाट लक्षात ठेवा. निटिंगच्या कृतीत शेवटी ‘वीव्ह इन द एंड्स’ असं येतं. स्वेटर झाल्यावर लोंबणारी धाग्याची टोकं मोठ्या सुईने आतल्या फासांमधून वरखाली ओवून लपवायची. काम निटिंगचं, क्रिया मात्र वरून-खालून, म्हणून ‘वीव्ह’. म्हणजे तुमचं सूत्र तिथेही टिकतं. मराठीत तिथे ‘टोकं विणा’ नको, ‘टोकं आत ओवून घ्या’ म्हणा.

---

निर्यात_खिडकी

हा भेद फक्त शब्दकोशापुरता नाही, कागदावर पैसे खातो. वस्तूंच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात (तेच आपण एचएस कोड म्हणतो ते) कपड्यांचे दोन अध्याय आहेत. ६१ निटेड किंवा क्रोशेचे, ६२ निटेड नसलेले. टेरीचा बाथरोब घ्या. मागावरचा असेल तर पुरुषांचा ६२०७, बायकांचा ६२०८. कागदावर ‘निटेड’ पडलं की तो ६१०७ किंवा ६१०८ मध्ये जाऊन बसतो. माल तोच, अध्याय वेगळा, त्याबरोबर शुल्क वेगळं येऊ शकतं, आणि माल उघडून तपासला की वर्णन आणि वस्तू जुळत नाहीत.

टॉवेल ६३०२.६० मध्ये, सुती टेरी टॉवेलिंगचं टॉयलेट-किचन लिनन. कापड थानात गेलं तर विणलेलं टेरी ५८०२, निटेड फासाचं कापड ६००१. टॉवेलला ‘निटेड’ लिहिलं तरी ६३०२ च राहतो या भरवशावर राहू नका. पॅकिंग लिस्टवर एक, इन्व्हॉइसवर दुसरं, असं झालं की प्रश्न विचारायला निमित्त मिळतं. सुरक्षित वर्णन असं: ‘१०० टक्के कॉटन, वोव्हन, टेरी, यार्न डाईड’. (‘यार्न डाईड’ म्हणजे आधी रंगवलेल्या धाग्याचं.) त्यानंतर जीएसएम, म्हणजे दर चौरस मीटरचं वजन ग्रॅममध्ये, आणि माप सेंटिमीटरमध्ये.

आणि पिशव्यांवरचं ‘नॉन-वोव्हन’ म्हणजे ‘निटेड’ नव्हे. तिथे धागा बनवून विणलेलाच नसतो. प्लास्टिकचे तंतू पसरून उष्णतेने चिकटवलेले असतात. ‘न विणलेलं’ हे भाषांतर इथे शब्दशः खरं आहे, ही एक दुर्मिळ गोष्ट.

---

शब्दखोर

आता धागाकर्तीच्या मूळ प्रश्नाकडे येतो, लाक्षणिक वापराकडे. माझं मत ठाम आहे: इंग्रजीत विणकराचा माग जिथे येतो तिथे मराठीत बहुधा माळीण येते. इंग्रज कथा ‘वीव्ह’ करतो, आपण कथा *गुंफतो*. तो दोन उपकथानकं ‘इंटरवीव्ह’ करतो, आपण ती एकमेकांत *गुंफतो* किंवा *ओवतो*. ओवणं हे आपल्याला इतकं जवळचं की जात्यावरच्या ‘ओवी’चं नावही त्याच्यावरूनच आलं असं मानतात. फूल, मणी, सुई-दोरा ही आपली उपमांची पेटी आहे. चांगलं काही जोडायचं असेल तर गुंफणे, ओवणे. वाईट काही करायचं असेल तर रचणे. ‘वीव्ह अ प्लॉट’ म्हणजे कट *रचणे*, ‘वीव्ह अ टिश्यू ऑफ लाइज’ म्हणजे कुभांड *रचणे*. कट कधी विणत नाहीत. आणि कुणाला त्यात ओढलं तर त्याला *गोवलं*.

‘स्पिन अ यार्न’ बघा. इंग्रज खलाशी सूत कातत गोष्टी सांगतो, आपला माणूस *चऱ्हाट* लावतो. दोन्हीकडे वळलेला धागाच, पण आपला दोरखंडाएवढा जाड. आणि चर्चा लांबली की *गुऱ्हाळ*. ते मात्र आपलं खास, कुठल्याही मागावर सापडणार नाही.

पण विणण्याची सर्वात सुंदर उपमा आपल्याकडेच आहे आणि आपण ती ओळखत नाही. ‘भक्तीने ओतप्रोत’. दहापैकी आठ जणांना वाटतं की हे ‘ओतणे’वरून आलंय, भांडं ओतून वाहतंय वगैरे. मग ‘ओतप्रोत भरून वाहणे’ असले प्रयोग होतात. ओतण्याशी त्याचा संबंध नाही. ‘वे’ म्हणजे विणणे, त्याचं कर्मणि रूप ‘उत’, विणलेलं. आ + उत = ओत, प्र + उत = प्रोत. एक उभा धागा, एक आडवा. बृहदारण्यकोपनिषदात गार्गी याज्ञवल्क्यांना विचारते, हे सगळं ज्याच्यात ओत आणि प्रोत आहे ते कशात ओत आणि प्रोत आहे? मागावर बसल्यासारखा प्रश्न आहे तो. ‘इंटरवोव्हन’ला याहून नेमका शब्द नाही. ‘तंत्र’ही तसाच: ‘तन्’ म्हणजे ताणणे, आणि तंत्र म्हणजे मुळात माग किंवा ताणा. पुढे पद्धत, व्यवस्था, शास्त्र. म्हणजे ‘तंत्रज्ञान’ या शब्दाच्या पोटात एक माग बसलाय. सोलापूरने त्यावर हक्क सांगायला हरकत नाही.

---

सातरस्ता

‘सूतोवाच’ पण त्यातलाच ना? सूत म्हणजे धागा, त्याची सुरुवात?

---

शब्दखोर

नाही. ‘सूत उवाच’, सूत म्हणाले. पुराणकथा सांगणारे सूत. त्यावरून विषयाचा आरंभ करणे. धाग्याशी काही नाही. ‘सूत जुळणे’ आणि ‘सूत्रधार’ मात्र धाग्याचेच.

---

मग्गम

शब्दखोर, ‘माळीण येते’ हे पूर्ण पटलं नाही. ‘नात्यांची वीण’, ‘सामाजिक वीण’ हे रोज वर्तमानपत्रात असतं. ते तर मागाचंच.

---

शब्दखोर

‘सामाजिक वीण’ ही ‘सोशल फॅब्रिक’ची पोर आहे. चांगली रुजली, माझी तक्रार नाही. पण बघा, इंग्रजीतल्या ‘फॅब्रिक’चंही मूळ माग नव्हे. लॅटिन ‘फाबेर’ म्हणजे लोहार, सुतार, कारागीर. ‘फॅब्रिक’ म्हणजे आधी बांधकाम, इमारत. कापड हा अर्थ नंतरचा. आणि ‘फॅब्रिकेट’ म्हणजे जोडून बनवणे, म्हणून खोटं रचणे. तिथेही शेवटी *रचणे*च आलं.

‘वीण’ शब्दात तर ‘वीव्ह’सारखाच घोळ आहे, दोन शब्द एका रूपात. एक विणकामाची वीण. दुसरी पिल्लांची, ‘विणीचा हंगाम’ म्हणतो ती, म्हैस *व्याली* त्या घरातली. त्यामुळे पाचवी_घंटा सरांनी इंग्रजीबद्दल सांगितलं ते मराठी पोरांना याच उदाहरणाने शिकवावं. विणीचा हंगाम म्हणजे चादरींचा सीझन नव्हे, एवढं कळलं की ‘वीव्ह्ड’ आणि ‘वोव्ह’ लगेच कळतं.

---

पाचवी_घंटा

उदाहरण उचललं, उद्याच वर्गात जाणार.

बोलण्यातल्या एका अडचणीची भर घालतो. ‘वीव्ह’, ‘वेव्ह’ आणि ‘वेव्ह’. मधला हात हलवण्याचा, तिसरा शुल्क माफ करण्याचा. मधला-तिसरा उच्चारात एकच, स्पेलिंग वेगळं. पहिल्याचा स्वर दीर्घ ‘ई’. ‘वी हॅव’चं संक्षिप्त रूपही उच्चाराने ‘वीव्ह’च. मुलं लिहिताना तिन्हींचे भूतकाळ एकमेकांत मिसळतात. ‘द बँक वोव्ह द फी’ असं उत्तर आलं की समजायचं, नियम पाठ झालाय, शब्द चुकलाय.

---

कांडीवाला

यंत्रमागावर इंग्रजी शब्द रोज तोंडात असतात, त्यांचे लाक्षणिक अर्थ मात्र इंग्रजाला माहीत आणि आम्हाला नाहीत अशी स्थिती. ‘वार्प’ म्हणजे ताणा. तोच क्रियापद म्हणून लाकूड वाकडं होण्याला, आणि ‘वार्प्ड माइंड’ म्हणजे वाकड्या डोक्याचा. ‘शटल’ म्हणजे धोटा; त्याच्या येण्याजाण्यावरून शटल बस, शटल रेल्वे. विमानाने राजधान्यांमध्ये खेपा घालत केलेली बोलणी म्हणजे ‘शटल डिप्लोमसी’, १९७३-७४ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री किसिंजर यांच्या खेपांमुळे रूढ झालेला शब्द. बोलणी धोट्यासारखी, हे डोळ्यांसमोर येतं.

‘शेड’ बघा. ताण्याचे अर्धे धागे वर, अर्धे खाली झाले की मध्ये जी फट उघडते ती ‘शेड’. त्यातून धोटा जातो. ‘शेड’ म्हणजे विभागणे, म्हणून ‘वॉटरशेड’, पाणी दोन बाजूंना विभागणारी धार. पत्र्याची शेड हा वेगळा शब्द. म्हणून आपल्याकडे तक्रार अशी येते की शेडमध्ये शेड नीट उघडत नाही. ती नीट उघडली नाही, म्हणजे काही धागे मध्येच लोंबत राहिले, तर धोटा त्यांच्यावर आपटतो. धागे तुटतात, नाहीतर धोटाच बाहेर उडतो. वहीची (ताण्याचे धागे वरखाली करणाऱ्या चौकटीची) उंची आणि वेळ आधी तपासायची, धोट्याला दोष नंतर.

---

दशीकडची

तिसरं वाक्य राहिलं, रस्त्यांचं जाळं.

---

पाचवी_घंटा

मराठीत ‘रस्त्यांचे जाळे विणले’ आता पक्कं झालंय, सरकारी पत्रकात दर आठवड्याला. इंग्रजीत मात्र रस्ते कुणी ‘वीव्ह’ करत नाही. ‘बिल्ट’ किंवा ‘लेड अ नेटवर्क’ म्हणा. खुद्द रस्ताच ‘वीव्ह’ झाला तर अर्थ बदलतो: ‘द रोड वीव्हज थ्रू द हिल्स’, वळणं घेत जातो. म्हणजे ‘वोव्हन अराउंड द सिटी’ वाचणाऱ्याला बांधकाम न दिसता टोपलीसारखं काही दिसेल.

‘वीव्हिंग ड्रीम्स’ही असंच. हिंदीतल्या ‘सपने बुनना’ची इंग्रजी सावली. जाहिरातीत चालून जाईल, पण चादरीच्या पाकिटावर लिहिलं तर ग्राहकाला कळणार नाही की चादर स्वप्नांची आहे की कापसाची. आपण मराठीत स्वप्नं रंगवतो. विणत नाही.

---

सातरस्ता

आणि ‘गेट वीव्हिंग’? जुन्या इंग्रजी युद्धपटात ऐकू येतं.

---

पाचवी_घंटा

ब्रिटिश हवाई दलातली बोली. अर्थ ‘चला, लागा कामाला’. सोलापुरात कुणी मुकादमाने हे म्हटलं तर मात्र शब्दशः घ्यावं.

---

निर्यात_खिडकी

कॅटलॉगसाठी आणखी एक. ‘नेम वोव्हन’ आणि ‘नेम एम्ब्रॉयडर्ड’ यांची अदलाबदल करू नका. लग्नाच्या टॉवेलवर नाव जॅकार्डने विणलेलं असेल तर ते ‘वोव्हन-इन’. जॅकार्डच्या पत्त्यात (भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डात) भोक असेल तिथे हूक वर जातो, त्याच्याबरोबर ताण्याचा धागा. भोक नसेल तिथे धागा खाली राहतो. १८०४ सालापासून तत्त्व हेच, आता पत्त्याच्या जागी इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड आलं एवढंच. नाव कापडाचाच भाग असल्याने धुऊन जात नाही, पण एकदा विणलं की बदलताही येत नाही. भरतकामाचं नाव वरून घातलेलं, ते उसवून नवं घालता येतं. ग्राहकाने ‘एम्ब्रॉयडर्ड’ मागितलं आणि तुम्ही ‘वोव्हन’ पाठवलं तर माल सरस असूनही परत येऊ शकतो. ऑर्डर घेताना नावाच्या मागच्या बाजूचा फोटोही मागवा. विणलेल्या नावाच्या पाठीवर रंग उलटे दिसतात, भरतकामाच्या पाठीवर टाके आणि गाठी.

---

शब्दखोर

जाता जाता. शब्दकोशकार नोहा वेब्स्टर, ज्याचा अमेरिकन इंग्रजीचा मोठा कोश १८२८ साली आला, त्याच्या आडनावाचा अर्थच ‘विणकर’. ‘वेब’, ‘वेबर’, ‘वीव्हर’ ही आडनावंही तीच. आणि ‘क्लू’ हा शब्द मुळात सुताच्या गुंड्याचा. चक्रव्यूहातून बाहेर यायला सुताचा गुंडा. पोलिसांना आपल्याकडे ‘धागेदोरे’ मिळतात, त्यांच्याकडे गुंडाच.

---

दशीकडची

तीनही ओळी अशा बदलल्या आहेत, कुणाला खटकत असेल तर सांगा:

१. ‘टेरी टॉवेल्स वोव्हन ऑन जॅकार्ड लूम्स.’
२. ‘द रिक्षा वीव्ह्ड थ्रू द ट्रॅफिक.’
३. ‘अ नेटवर्क ऑफ रोड्स हॅज बीन बिल्ट अराउंड द सिटी.’

निर्यात_खिडकी, पहिल्या ओळीत ‘१०० टक्के कॉटन’ आधी घालू की शेवटी?

---

निर्यात_खिडकी

आधी. तपासणारा डावीकडून वाचतो.